काळ्या वेशातला पांढरा जादूगार

ईश्वरशास्त्र शिकणाऱ्या एका तरुणाला स्वप्न पडलं. तो एका देखण्या, वयोवृद्ध माणसासमोर उभा आहे. त्या माणसाचा पोशाख नखशिखांत काळा. पण तरुणाला आतून पक्कं ठाऊक आहे, की हा पांढऱ्या विद्येचा जादूगार. म्हातारा बराच वेळ काहीतरी सांगत होता. त्यातलं तरुणाला शेवटचं तेवढं आठवतं : या कामी काळ्या विद्येच्या जादूगाराची मदत लागेल. इतक्यात दार उघडतं. आत येणारा म्हातारा हुबेहूब पहिल्यासारखाच, फक्त त्याचे कपडे पांढरेशुभ्र. हाच तो काळ्या विद्येवाला. त्याला सल्ला हवा आहे, पण अनोळखी तरुणाकडे पाहून तो घुटमळतो. पहिला त्याला सांगतो, की हा पोरगा निष्पाप आहे, याच्यासमोर बोलायला हरकत नाही.

मग तो हकिगत सांगू लागतो. दूरदेशी एक म्हातारा राजा आहे. मरण जवळ आल्याचं त्याला उमगलंय, म्हणून तो स्वतःसाठी साजेशी कबर शोधतो. त्या देशात पुरातन कबरी पुष्कळ. त्यांतली सर्वांत सुंदर तो निवडतो. तिच्यात म्हणे कधीकाळी एका कुमारिकेला पुरलं होतं. कबर उघडतात. हाडांना उजेड लागतो आणि ती जिवंत होऊन त्यांचा काळा घोडा होतो. घोडा वाळवंटात उधळतो. जादूगार त्याच्या मागावर निघतो, दिवसामागून दिवस चालतो, वाळवंट ओलांडतो. पलीकडे कुरणं लागतात. तिथे घोडा चरत असतो, आणि तिथेच त्याला सापडतात स्वर्गाच्या हरवलेल्या किल्ल्या. आता या किल्ल्यांचं करायचं काय, हे त्याला कळत नाही. तेच विचारायला तो आला आहे. उत्तर मिळण्याआधी तरुण जागा होतो.

कार्ल गुस्टाव्ह युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे स्वप्न आपल्या लेखनात एकाहून अधिक वेळा सांगितलं आहे, आणि ते का सोडवत नसेल हे सहज समजतं. सद्गुणाला पांढरे कपडे आणि दुर्गुणाला काळे, एवढंच असतं तर ते एखाद्या जुन्या नाटकातलं दृश्य झालं असतं. इथे रंगांची अदलाबदल झाली आहे. पांढऱ्याला काळ्याची मदत लागते. काळ्याला स्वर्गाच्या किल्ल्या मिळतात, पण त्या वापरायच्या कशा हे विचारायला त्याला पांढऱ्याकडे यावं लागतं. मरू घातलेला राजा कबर उघडतो आणि तिच्यातून बाहेर पडतं ते सुसाट धावणारं जनावर. म्हातारपण आणि तारुण्य, कबर आणि कुरण, कुमारिका आणि घोडा. विरोधी गोष्टींची इतकी दाट वीण एखादा कवी जागेपणी घालायला बसला, तर त्याला किती दिवस लागतील? या मुलाला ती झोपेत सुचली.

हा तरुण तेव्हा श्रद्धेच्या गोंधळात सापडला होता. पुण्य एकीकडे आणि पाप दुसरीकडे, असा स्वच्छ हिशेब त्याच्या अभ्यासाला हवा होता आणि तो त्याला जमत नव्हता. युंगने स्वप्न वाचलं ते असं : आजवर राज्य करणारी जीवनदृष्टी म्हातारी झाली आहे, तिच्या जाण्यातून काहीतरी जिवंत पण बेलगाम बाहेर पडतं आहे, आणि हरवलेलं सापडायचं असेल तर ज्याला आपण वाईट म्हणून दाराबाहेर ठेवलं त्याच्याशी बोलावं लागेल. हे वाचन पटो न पटो, स्वप्नाने मुलाला कोणता पक्ष घ्यायचा हे सांगितलेलं नाही, एवढं उघड आहे. दोन्ही पक्षांना त्याने एका खोलीत आणून बसवलं.

स्वप्नांत विरोधी गोष्टी अशा शेजारी शेजारी, नव्हे एकमेकींच्या पोटात का येतात, हा प्रश्न आधुनिक काळात पहिल्यांदा नेटाने हाती घेतला तो सिग्मंड फ्रॉइडने. त्याच्या स्वप्नांवरच्या ग्रंथावर साल १९०० छापलेलं असलं, तरी पुस्तक व्हिएन्नात १८९९ च्या नोव्हेंबरातच बाहेर पडलं होतं. त्यात तो एक साधं पण चक्रावून टाकणारं निरीक्षण नोंदवतो : स्वप्नाला ‘नाही’ म्हणता येत नाही. भाषेत आपण ‘मला राग आलेला नाही’ असं म्हणू शकतो. चित्रात हे दाखवायचं कसं? राग दाखवावा तर तो दिसतोच. न दाखवावा तर विषयच निघत नाही. स्वप्नाचा कारभार मुख्यतः चित्रांचा, म्हणून नकार त्याच्या हाती नाही. मग ते दोन विरोधी गोष्टी एकाच चित्रात गुंफतं, किंवा एकीच्या जागी सरळ दुसरी उभी करतं. फ्रॉइड तर म्हणतो, की स्वप्नातल्या ज्या कोणत्या गोष्टीला विरुद्ध असं काही असू शकतं, ती सुलटी घ्यायची की उलटी, हे पहिल्या नजरेत सांगता येत नाही.

त्याने दिलेलं फांदीचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. त्याच्याकडे उपचारासाठी येणाऱ्या एका स्त्रीने स्वप्नात पाहिलं, की फुलांनी लगडलेली फांदी हातात घेऊन ती उंचावरून खाली उतरते आहे. फांदी धरण्याची ढब तिला ओळखीची होती. येशूच्या जन्माची वार्ता घेऊन मेरीकडे आलेला देवदूत चित्रांत जशी पांढऱ्या लिलीची दांडी धरतो, तशी. म्हणजे निष्कलंक कौमार्याची खूण. पण फांदीवरची फुलं लाल होती आणि कॅमेलियासारखी दिसत होती. कॅमेलिया म्हटल्यावर त्या काळातल्या वाचकाला एकच बाई आठवणार : धाकट्या अलेक्झांडर द्युमाच्या १८४८ मधल्या कादंबरीतली पॅरिसची गणिका. ती एरवी पांढरे कॅमेलिया घालायची आणि पाळीच्या दिवसांत लाल. एकाच फांदीवर कुमारिका आणि गणिका, अपराधीपणा आणि निरागसपणा. जागेपणी या स्त्रीला याबद्दल विचारलं असतं, तर तिला स्वतःविषयी यांपैकी एकच काहीतरी कबूल करावं लागलं असतं. स्वप्नात दोन्ही एका देठाला फुललं.

आपल्याकडे हा विषय कुणाला नवीन नाही. स्वप्नात कुणी मेलेलं दिसलं, की घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, ‘काळजी करू नको, त्याचं आयुष्य वाढलं.’ स्वप्नात लग्न दिसलं, तर मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडते. रडलात तर सुख, हसलात तर दुःख. स्वप्नातलं सगळं उलटं असतं म्हणे. आणि हीच माणसं दुसऱ्या दिवशी, परीक्षेच्या स्वप्नाने दचकून उठलेल्या नातवाला सांगतात, ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे.’ म्हणजे स्वप्न मनाचा आरसा आहे, आणि स्वप्न वास्तवाच्या नेमकं विरुद्ध आहे, अशा दोन समजुती एकाच छपराखाली सुखाने नांदतात. रोमन लोकही याच पेचात होते. इतिहासकार स्वेतोनियस एका स्वप्नाने घाबरला आणि त्याने हातातला खटला पुढे ढकलता येईल का, असं आपला मित्र धाकट्या प्लिनीला विचारलं. प्लिनीने पत्रातून त्यालाच उलट प्रश्न केला : तुझी स्वप्नं खरी होतात, की उलटी? आणि स्वतःचा अनुभव सांगितला. सासू गुडघे टेकून ‘हा खटला लढवू नका’ म्हणून विनवते आहे, असं त्याला स्वप्नात दिसलं होतं. त्याने खटला लढवला, जिंकला, आणि त्याच खटल्याने त्याचं नाव झालं.

स्वप्नफलाच्या छापील पुस्तिकांनी यातला एकच धागा उचलला आणि त्याची यादी करून टाकली. साप म्हणजे हे, दात पडणं म्हणजे ते, मढं दिसलं तर धनलाभ. या पुस्तिकांवर माझा राग आहे, कारण त्या एका खऱ्या प्रश्नाचं कोष्टक बनवतात. मृत्यूचं चित्र सरसकट आयुष्याचं चिन्ह ठरवलं, की स्वप्न ज्याचं आहे तो माणूसच बाजूला पडतो. तोच काळा घोडा एखाद्या टांगेवाल्याला दिसला असता, तर त्याचा अर्थ वेगळा झाला असता.

‘उलटं’ या समजुतीला युंगने जरा सूक्ष्म रूप दिलं. स्वप्न उद्याच्या घटनांच्या विरुद्ध असतं, असं तो म्हणत नाही. त्याच्या मते ते आपल्या दिवसाच्या भूमिकेला तोल देतं. दिवसा आपण एका बाजूला फार कललो असू, तर स्वप्न दुसऱ्या बाजूला वजन टाकतं. याची साक्ष तो स्वतःच्याच स्वप्नातून काढतो. एका अतिशय बुद्धिमान स्त्रीवर तो उपचार करत होता. सुरुवात चांगली झाली, पण पुढे बोलण्यात पोकळपणा येऊ लागला. हे तिच्याशी बोलायचं त्याने ठरवलं आणि आदल्या रात्री त्याला स्वप्न पडलं. संध्याकाळच्या उन्हात तो दरीतल्या रस्त्याने चालला आहे. उजवीकडे उभी टेकडी, टेकडीवर किल्ला, किल्ल्याच्या सर्वांत उंच बुरुजाच्या कठड्यावर एक स्त्री बसलेली. तिला नीट पाहायला त्याला मान पार मागे टाकावी लागली. जाग आली तेव्हा मान आखडली होती. बुरुजावरची स्त्री म्हणजे तीच रुग्ण, हे त्याला स्वप्नातच कळलं होतं. युंगने अर्थ लावला : स्वप्नात मला तिच्याकडे इतकं वर पाहावं लागतं, याचा अर्थ दिवसा मी तिला खाली लेखत असणार. त्याने स्वप्न आणि हा अर्थ दोन्ही तिला सांगितलं. अडलेला उपचार त्यानंतर पुढे सरकला.

बुरुज आणि दरी, उंच आणि खोल. इथे विरोधी खुणा म्हणजे जणू तराजूची दोन पारडी आहेत, आणि त्यांतलं एक आपण दिवसभर दाबून धरलेलं असतं. पण युंग इथेच थांबत नाही, आणि त्याची ही बाजू फारशी सांगितली जात नाही. त्याने पुढे तीन शक्यता मांडल्या. माणूस फार एकांगी झाला असेल, तर स्वप्न विरुद्ध बाजू घेतं. तो साधारण मध्यावर असेल, तर स्वप्न थोडाफार फेरफार करून तेच मांडतं. आणि त्याची भूमिका मुळातच योग्य असेल, तर स्वप्न तिच्याशी सहमत होतं, तिला दुजोराही देतं. म्हणजे स्वप्न उलटं आहे की सुलटं, हे स्वप्नात लिहिलेलं नसतं. ते माणसाच्या दिवसाकडे पाहून ठरवावं लागतं. स्वप्न सांगणाऱ्याला आधी ‘सध्या तुमचं काय चाललंय?’ असं विचारल्याशिवाय अर्थ लावायला बसणं, हे या हिशेबाने निव्वळ अंधारात तीर मारणं आहे.

दुसरी बाजूही भक्कम आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉलने उपचारासाठी येणाऱ्यांऐवजी सर्वसाधारण माणसांची स्वप्नं गोळा केली आणि त्यांत कोण येतं, काय घडतं, कोणती भावना असते, हे मोजायला सुरुवात केली. रॉबर्ट व्हॅन डी कॅसलबरोबर त्याने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कॉलेजच्या मुलांची ५०० आणि मुलींची ५०० स्वप्नं तपासलेली आहेत. या मोजणीतून पुढे आलेला विचार ‘मनी वसे’च्या जवळचा आहे : दिवसा जी माणसं, ज्या काळज्या मनात असतात, त्याच रात्री येतात, दिवस आणि रात्र यांत सलगता आहे. त्याच्या मागून आलेल्या बऱ्याच संशोधकांना युंगचा तोल-सिद्धान्त मान्य नाही. आणि मोजून पाहिलं, तर आपली बहुतेक स्वप्नं खरोखरच इतकी भव्य नसतात. चुकलेली बस, ऑफिसमधलं भांडण, जुनं घर.

मग दाबलेली बाजू वर येते, यात काही तथ्य आहे का? इथे डॅनिएल वेग्नरचा २००४ मधला प्रयोग आठवतो. ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगितलं, की माणसाला अस्वलाशिवाय काही सुचत नाही, हे दाखवून देणारा हाच तो मानसशास्त्रज्ञ. या वेळी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना ओळखीची एक व्यक्ती मनात धरायला सांगितली. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं मनात येईल ते लिहायचं. काहींनी त्या व्यक्तीचा विचार करायचा, काहींनी मुद्दाम टाळायचा. सकाळी स्वप्नं लिहून काढली, तेव्हा टाळणाऱ्यांच्या स्वप्नांत ती व्यक्ती अधिक आली. ती व्यक्ती मनात भरलेली असो की नुसती आवडणारी, टाळण्याचा परिणाम दिसलाच. युंगचा भव्य सिद्धान्त यातून सिद्ध होत नाही. पण ज्याला दिवसा दाराबाहेर काढलं तो रात्री आत येतो, एवढं तरी हातात मोजपट्टी घेऊन दिसलं.

आणि मेंदू? शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप जगापुढे आणली, आणि तेव्हापासून झोपलेला मेंदू किती जागा असतो हे कळत गेलं. साधारण दर नव्वद मिनिटांनी येणाऱ्या या झोपेत भीती आणि इतर तीव्र भावना हाताळणारा अमिग्डाला चांगलाच सक्रिय असतो. उलट कपाळामागच्या मेंदूचा वरच्या बाजूचा भाग, जो दिवसा विसंगती पकडतो आणि ‘हे दोन्ही एकदम कसं असेल?’ असं विचारतो, तो मंदावलेला असतो. १९९६ पासूनच्या मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या अभ्यासांत हे पुन्हापुन्हा दिसलं आहे. सतर्कतेशी जोडलेल्या नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनाचं स्रवणं या झोपेत जवळजवळ थांबतं. म्हणजे भावना पूर्ण जोरात, आणि तपासनीस सुट्टीवर. काळे कपडे घातलेला माणूस पांढऱ्या विद्येचा आहे, याला अशा वेळी हरकत घेणार कोण? मला यात फ्रॉइडच्या निरीक्षणाचा पराभव दिसत नाही. ‘स्वप्नाला नाही म्हणता येत नाही’ हे त्याने सोफ्यावर पहुडलेल्या माणसांचं ऐकून टिपलं होतं; ‘नाही’ म्हणणारा भागच त्या वेळी मंदावतो, हे जवळपास शंभर वर्षांनी यंत्रांवर दिसलं. दोन्ही गोष्टी एकच आहेत असा दावा कुणी करू नये, पण त्या शेजारी ठेवल्या की अंगावर रोमांच उभे राहतात.

बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनक राजाला स्वप्नाविषयी सांगतो, ते या सगळ्याच्या किती आधीचं! पुरुषाची ठिकाणं दोन, तो म्हणतो : हा लोक आणि परलोक. तिसरं ठिकाण त्यांच्या सांध्यावर, आणि ते म्हणजे स्वप्न. तिथे उभं राहिलं की दोन्हीकडचं दिसतं, दुःखंही आणि आनंदही. तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. स्वप्न पाहणारा ते सगळं स्वतः निर्माण करतो. एका क्षणी हसतो, दुसऱ्या क्षणी भय पाहतो. मोठा मासा जसा नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अशा दोन्ही काठांनी फिरतो, तसा हा पुरुष स्वप्न आणि जाग यांच्या काठांनी फिरतो. विरोधी चिन्हांच्या स्वप्नांविषयी मी जे काही वाचलं, त्यात या माशाइतकं नेमकं चित्र मला दुसरं सापडलं नाही. मासा कोणत्याच काठावर राहायला जात नाही.

युंग भारतातही येऊन गेला होता. भारतीय विज्ञान काँग्रेसच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त त्याला निमंत्रण होतं. १९३७ च्या डिसेंबरात तो इथे आला, सांचीचे स्तूप पाहून भारावला, तीन विद्यापीठांच्या मानद पदव्या त्याला मिळाल्या. कलकत्त्यात जुलाबाच्या आजाराने त्याला दहा दिवस रुग्णालयात काढावे लागले. तिथून हॉटेलवर परतल्यावर त्याला एक स्वप्न पडलं. देवळं, गोपुरं, बुद्ध यांनी मन तुडुंब भरलेलं असताना ते स्वप्न घडलं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या एका लांबट, ओसाड बेटावर. तिथे एक मध्ययुगीन किल्ला, आत मेणबत्त्यांच्या मंद उजेडातला खांबांचा दिवाणखाना, आणि त्या रात्री होली ग्रेलचा, म्हणजे ख्रिस्ताच्या पवित्र पात्राचा, उत्सव. पण पात्र किल्ल्यात नव्हतंच. ते बेटाच्या उत्तर टोकाला एका लहानशा घरात होतं. ते आणायला काही सोबती निघाले. वाटेत समुद्राचा एक फाटा आडवा आला. पूल नाही, होडी नाही. थंडी पडली, सोबती एकेक करून झोपी गेले. आता एकट्यानेच पोहून पलीकडे जावं लागणार, हे युंगला कळलं. त्याने कपडे उतरवले आणि तो जागा झाला.

त्याने याचा अर्थ तोलाच्या हिशेबानेच लावला. भारताने मन इतकं भारून टाकलं, की स्वप्नाने जोर लावून त्याला युरोपकडे वळवलं : तू इथे काय करतो आहेस, तुझ्या लोकांना हवं असलेलं औषधी पात्र शोध. परतीच्या वाटेवर बोट मुंबईला लागली तेव्हा तो किनाऱ्यावर उतरलाही नाही. किमयेवरचे, म्हणजे हलक्या धातूंचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येवरचे, आपले लॅटिन ग्रंथ वाचत बोटीवरच राहिला.

पण हेच स्वप्न हॉलच्या बाजूनेही वाचता येतं. भारतात येताना युंगने १६०२ सालच्या एका लॅटिन किमया-संग्रहाचा पहिला खंड बरोबर आणला होता, आणि प्रवासभर देवळं पाहता पाहता तो ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत होता. घरी त्याची पत्नी एमा कितीतरी वर्षं ग्रेलच्या दंतकथेचा अभ्यास करत होती. तिचं ते काम तिच्या मृत्यूनंतर मारी-लुईझे फॉन फ्रान्झने पूर्ण केलं आणि १९६० मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. कलकत्त्याच्या त्या रात्री भारताच्या विरुद्ध टोकाला जे दिसलं, ते त्याच्या मनी वसलेलंही होतं आणि त्याच्या पेटीतही होतं.